थरथरत्या गाडीतून फणसवाडी ते अँटॉप हिल

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या तंत्रनिकेतनातले लोक काश्मीरला जातात, केरळला जातात. यंदा मी फणसवाडीहून निघाले आणि परळ, लालबाग, दादर करत अँटॉप हिलपर्यंत गेले. हे अंतर सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर भरेल. मला सहा दिवस लागले. कोल्हापूरला परत आल्यावर सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, मुंबईत इतके दिवस पाहिलंत तरी काय?" मी म्हटलं, "गाडीची चार चाकं." लोक हसले. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं, आणि ती चाकं ज्यांच्या हाताखालून गेली त्या माणसांबद्दल लिहायचं हेही तेव्हाच ठरवून टाकलं.

शुक्रवार, फणसवाडी

माझं नाव मीनल. मी मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. गिरगाव हे माझं आजोळ. आईचा भाऊ, शरदमामा, एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. आयुष्यभर सॉलिसिटरकी केली, आता फणसवाडीत एकटाच राहतो. इमारतीच्या खाली त्याचं एक छोटं गॅरेज आहे आणि त्यात त्याची जुनी गाडी: गर्द हिरवी, ब्रिटिश बनावटीची, दोनच सीटांची, वरून उघडी. चाकांना सायकलसारखे तारांचे आरे. मामाने ती तरुणपणी घेतली, म्हणजे गाडी माझ्याहून मोठी. लहानपणी आम्ही भावंडं तिच्यात बसायला रांग लावायचो.

एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामाला गाडी चालवायला मनाई केली. त्याने मला फोन केला. "मीनू, गाडी तू घेऊन जा. विकायची नाही, एवढंच." गाडी चालवत कोल्हापूरला न्यायची म्हणून मी एकेरी तिकीट काढून आले होते.

संध्याकाळी मामाने स्वतः कोळंबीचं भुजणं केलं. भरपूर लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, वरून तेल, आणि पातेल्यावर झाकण. आमच्याकडे रस्सा म्हटला की कांदा-खोबरं भाजण्यात दुपार जाते. हे वीस मिनिटांत ताटात आलं आणि मी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. हात धुताना मामा म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. साठच्या पुढे ती थरथरते."

"किती थरथरते?"

"उद्या बघशील. मी आठ वर्षं चाळीसच्या वर नेलेली नाही."

दर रविवारी तो चौपाटीपर्यंत हळूहळू जाऊन यायचा, ते यासाठी. हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवार सकाळ, कोस्टल रोड

साडेसहाला निघालो. मामा टोपी घालून शेजारी. बोगद्यातून बाहेर पडल्यावर डावीकडे समुद्र उघडा झाला आणि मी वेग वाढवला. तिचा काटा मैलांत आहे, पण मी आकडे किलोमीटरमध्येच देते. बासष्टला स्टेअरिंगमध्ये मुंग्या आल्यासारखं झालं. अडुसष्टला आरशात मागच्या इमारती दोन-दोन दिसायला लागल्या. बहात्तरला माझे कोपर हलत होते आणि मामाचा चष्मा नाकावरून घसरला. अठ्ठ्याहत्तरच्या आसपास थरथर कमी झाली. वेग उतरवला की पुन्हा तेच, उलट्या क्रमाने.

ही गाडी घेऊन घाट उतरायची माझी छाती नव्हती.

परतताना गिरगावात साबुदाणा वडे आणि पीयूष घेतलं. सकाळी सकाळी गोड पिऊन ही माणसं कामाला कशी लागतात हे मला अजून समजलेलं नाही. आमच्याकडे न्याहारीला मिसळ असते आणि ती माणसाला जागं करते. तिथे मामाने मला दत्तारामची गोष्ट सांगितली.

दत्ताराम मेस्त्री हा लालबागचा. गिरणीत फिटर होता, गिरणी बंद झाल्यावर जुन्या गाड्यांची कामं करायला लागला. मामाची गाडी वीस वर्षं त्याच्याच हाताखाली होती. आठ वर्षांपूर्वी त्याने पुढच्या चाकांच्या किंगपिना बदलल्या. किंगपिन म्हणजे चाक ज्या उभ्या दांड्यावर डावी-उजवीकडे वळतं तो दांडा. तो सैल झाला की चाक डुगडुगतं. त्याच आठवड्यात मामाने टायरही बदलले आणि परळच्या एका दुकानात मशीनवर चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. त्यानंतर थरथर सुरू झाली.

"दत्ताराम म्हणाला, किंगपिन बरोबर आहे, बॅलन्सिंग चुकलंय. चाकं माझ्याकडे द्या, मी जुन्या पद्धतीने तोलतो. मी म्हटलं, अरे, कॉम्प्युटर झीरो दाखवतोय, तो खोटा आणि तू खरा का?" मामाने ग्लास खाली ठेवला. "त्यानंतर दोनदा बॅलन्सिंग केलं. गेल्या वर्षी टायरही पुन्हा नवे घातले. थरथर तशीच. मग दोष कुणाचा?"

युक्तिवाद वकिलाचा होता आणि मला त्यात फट दिसेना.

घरी येऊन मी साडीचा पदर खोचला, गाडी जॅकवर घेतली आणि पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं. किंगपिन सैल असेल तर इथे कळतं. केसभरसुद्धा प्ले, म्हणजे सैलपणा, नव्हता. आठ वर्षांनी इतकं घट्ट आणि तरी इतकं सहज वळणारं काम मी कमी पाहिलं आहे. मामाला तसं सांगितलं. त्याने "हं" केलं.

मग नेहमीची परीक्षा: पुढची चाकं मागे, मागची पुढे. दोष चाकांत असेल तर थरथर स्टेअरिंग सोडून मागे सीटमध्ये जाते. मधला मोठा नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून काढावा लागतो. डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात; मी डाव्या बाजूचा चुकीच्या दिशेने ठोकत बसले आणि अख्खी वाडी गॅलरीत आली. शेवटी चाकं बदलली आणि पुन्हा कोस्टल रोडला गेलो. स्टेअरिंग तसंच थरथरलं.

"बघ," मामा म्हणाला. "चाकं बदलली तरी तेच."

शनिवार संध्याकाळ, परळ

दुपारी पडल्या पडल्या मी छताकडे बघत होते. थरथर ठरावीक वेगालाच येते आणि पुढे ओसरते. ढिल्या सांध्याचं लक्षण तसं नसतं. हे फिरणाऱ्या वस्तूत एका बाजूला वजन जास्त असल्याचं लक्षण आहे. दर वर्षी मी हे फळ्यावर शिकवते. मग चाकं बदलून फरक का पडला नाही? आणि एकदम लक्षात आलं की चारही चाकं एकाच प्रकारच्या मशीनवर तोललेली आहेत. चारही चुकीची असतील, तर चुकीच्या जागी चुकीचं आणून मी काय सिद्ध केलं?

मी तशीच उठले आणि गाडी घेऊन परळला त्या दुकानात गेले. मालक रूपेश, पस्तिशीचा, बोलायला चटपटीत. त्याने चाक मशीनवर चढवलं, पुन्हा तोललं, स्क्रीन दाखवली. "मॅडम, झीरो-झीरो. अजून काय पायजे?"

"आता नट सोडा. चाक अर्धा फेरा फिरवा आणि परत आवळा. वजन काढू नका, लावू नका."

"त्याने काय होणार?"

"काही होऊ नये. तेच बघायचंय."

त्याने केलं. मशीनने चाळीस ग्रॅम मागितले, म्हणजे हलक्या बाजूला लावायला तेवढं वजन. रूपेशने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सोडून आवळलं. पंचवीस ग्रॅम. तिसऱ्यांदा, पस्तीस. त्याने मशीन बंद केलं आणि चाकाच्या मधल्या भोकात बोट फिरवून बघितलं.

"आपला कोन याला बसतच नाय मॅडम," तो म्हणाला. "चाक दर वेळी वेगळ्या जागी बसतंय."

कोन म्हणजे चाकाच्या मधल्या भोकात घुसून चाक नेमकं मध्यावर धरणारा लोखंडी तुकडा. या जुन्या चाकाला चार-पाच नट नसतात. ते आत एक आणि बाहेर एक अशा दोन उतरत्या कडांवर बसतं. आजच्या गाड्यांसाठी केलेला कोन भलतीच कड धरत होता. म्हणजे चाक मशीनवर एका मध्याभोवती फिरत होतं आणि गाडीवर दुसऱ्याच.

रूपेश मनाने सरळ माणूस निघाला. "आठ वर्षांपूर्वी पप्पा बघायचे दुकान," तो म्हणाला, "पण मागच्या वर्षी मीच केलं. चूक आमचीच म्हणायची. या मापाचे कोन बनवून आणा, मी सगळं पुन्हा करून देतो."

असे कोन लेथवर कातून घ्यावे लागणार होते. कातणाऱ्याला या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, माहीत असायला हवा होता. असा एकच माणूस होता.

घरी येऊन मामाला सगळं सांगितलं. "तू जा," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने जाऊ."

रविवार, लालबाग

मेमध्ये लालबागला उघड्या गाडीने जाऊ नये. मसाल्याच्या गिरण्या जोरात चालू होत्या; बायका वर्षभराचं तिखट दळून घ्यायला रांगेत उभ्या होत्या. दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि सलग अकरा शिंका. रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवावी लागली. मागून टॅक्सीवाला उतरून आला. वाटलं शिव्या घालणार, तर पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "ताई, कोल्हापूरचं ना बोलणं तुमचं? मग मिरचीला कशाला घाबरता?" मिरची खाणं वेगळं आणि ती डोळ्यांत जाणं वेगळं, हे मी त्याला शिंकत शिंकत सांगितलं.

दत्ताराम मेस्त्री चाळीत पहिल्या मजल्यावर राहतात. सत्तरीचे, काटक, अंगात बनियन. दार त्यांनीच उघडलं.

"आवाज ऐकला तेव्हाच ओळखली," ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "सायबांनी पाठवलं?"

"मी त्यांची भाची. आपणहून आले. त्यांना माहीत आहे, इतकंच."

"मग चहा पी आणि जा गो बाय. त्या गाडीला मी हात लावणार नाय."

मग त्यांनी कारण सांगितलं. मामा नुसता रागावून थांबला नव्हता. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची ओळख असते एकमेकांत. मामाने तिथे सगळ्यांना सांगितलं की दत्तारामच्या हातातलं कसब गेलं. एकेक करत लोक यायचे बंद झाले. दोन वर्षांत त्यांनी गाड्यांचं काम सोडलं आणि खालच्या गाळ्यात नुसते नट आणि बुश कातत राहिले. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. माझीच मान खाली गेली.

मी त्यांना परळची गोष्ट सांगितली, अर्ध्या फेऱ्याची. ते ऐकत होते; मध्येच हात वर करून मला थांबवलं.

"अर्धो फेरो फिरवल्यावर किती इला?"

"चाळीस."

"परत?"

"पंचवीस. मग पस्तीस."

ते खुर्चीवर मागे टेकले. आतून त्यांच्या पत्नी सुलभाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ऐकलास?" ते त्यांना म्हणाले. "आठ वर्सां मी ह्याच सांगत होतंय." काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचं नाय."

बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं, आणि तांदळाची भाकरी. तिरफळाने जीभ बधिर होते हे मला ठाऊक नव्हतं; मी एक चावलं. काकू हसून म्हणाल्या, "ती चावायची नसतात गो." जेवण होईपर्यंत गाडीचं कुणी बोललं नाही. पण दत्तारामकाका तीनदा खिडकीशी जाऊन आले.

चौथ्यांदा त्यांनी शर्ट चढवला. "फक्त बघतो," ते म्हणाले.

खाली येऊन त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखा काढून घेतला. पुढचं चाक जॅकवर घेऊन जोरात फिरवलं आणि कडेजवळ खडू स्थिर धरला. खडू एकाच जागी लागला, बाकी कड कोरी. "हे बघ. चाक आधीच वाकडं आहे. वाकडं चाक तोलून काय फायदा? आधी सरळ करायचं, मग तोलायचं." चारही चाकं बघितली. दोन वाकडी निघाली.

"आरे तुम्ही आवळाल?"

"माझे डोळे आता त्या कामाचे नाहीत. दादरला शैला आहे, तिच्याकडे जा. कोन मी करतो." त्यांनी हबच्या उतारावर अंगठा फिरवला. "याचं माप अजून हातात आहे."

गाडी त्यांच्या गाळ्यासमोर ठोकळ्यांवर उभी राहिली. मी दोन वाकडी चाकं टॅक्सीत घालून निघाले; बाकीची दोन मापासाठी काकांकडे राहिली.

सोमवार, दादर

रूपेशने सकाळी टायर-ट्यूब उतरवून दिले आणि दोन वाकडी चाकं घेऊन मी शैलाच्या दुकानात पोचले. दादरच्या एका गल्लीत तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचं होतं, पंधरा वर्षं ती चालवते. वय चाळिशीचं, केसांचा घट्ट अंबाडा. तिने चाकं पाहिली आणि विचारलं, "मेस्त्रीकाकांनी पाठवलं? मग करायलाच लागेल."

काकांनी चाक बसवायला एक जुना धुरा सोबत दिला होता. तो तिने शिकंज्यात पकडला, चाक चढवलं आणि फिरवलं. मग नखाने एकेक आरा छेडत गेली. घट्ट आरा टणक बोलतो, सैल आरा भसाडा. साठ आऱ्यांपैकी अकरा भसाडे होते. तिने त्यांना खडूच्या खुणा केल्या.

"चाकाचा आउट, वाकडेपणा, काढणं म्हणजे काय ताई, एकाला ओढायचं तर समोरच्याला सोडायचं. नुसतं ओढत बसलं की चाक अंडं होतं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी करून बघू का? तिने छोटी चावी दिली. मी वीस मिनिटं आरे आवळले. तिने चाक फिरवलं. खडू आता दोन ठिकाणी लागला. "शिकवता ना तुम्ही हे?" तिने विचारलं, अगदी साळसूदपणे. मी चावी परत दिली.

दुपारी तिने डबा उघडला, तोंडलीची भाजी आणि आमटी-भात, आणि निम्मा माझ्यासमोर सरकवला. खाताना सांगत होती की हल्ली पन्नाशीच्या बायका येतात, सायकल शिकायची म्हणतात, आणि ती संध्याकाळी त्यांना शिवाजी पार्कला घेऊन जाते. "पडायची भीती वाटते का, विचारलं तर म्हणतात, लोक बघतील याची वाटते."

चार वाजता दुसरं चाक संपलं. तिने खडू धरला, चाक फिरवलं. सगळ्या कडेवर बारीक, अखंड पांढरी रेघ उमटली. मोटारीचं चाक तिने आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलं होतं, हे तिने मला तेव्हा सांगितलं.

मंगळवार, पुन्हा परळ

सकाळी लालबागला काकांचे कोन तयार होते. आदल्या दिवसभरात त्यांनी ते कातले होते. एका कोनाला त्यांनी निळा रंग लावला, चाकात घालून हलकेच फिरवला आणि बाहेर काढून मला चाकाची कड दाखवली. निळा रंग सगळीकडे सारखा लागला होता, कुठे कोरं नाही, कुठे दाट नाही. माझ्या प्रयोगशाळेत यासाठी विद्यार्थी आठवडा घेतात आणि शेवटी मी गुण देऊन त्यांना सोडते.

उरलेली दोन चाकं टॅक्सीत घालून मी त्यांना परळला चला म्हटलं. ते नाही नाही म्हणत आले.

शैलाने सरळ केलेल्या चाकांवर रूपेशने आदल्या संध्याकाळीच टायर चढवून ठेवले होते. पहिलं चाक मशीनवर चढणार इतक्यात दुकानासमोर टॅक्सी थांबली आणि मामा उतरला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कोर्टात जायचा तसा. मी त्याला बोलावलं नव्हतं. फक्त वेळ सांगितली होती. दत्तारामकाकांनी त्याला पाहिलं आणि मशीनकडे तोंड केलं.

रूपेशने चाक तोललं. वजनं लावली. झीरो-झीरो.

"आता सोडा," मी म्हटलं. "अर्धा फेरा."

मामा पुढे आला. त्याला स्क्रीन नीट दिसत नव्हती म्हणून अगदी जवळ वाकला. चाक फिरलं, थांबलं.

"किती?" त्याने विचारलं.

"झीरो, काका," रूपेश म्हणाला.

"पुन्हा करा."

पुन्हा झीरो. मामाने चारही चाकांना दोन-दोनदा हेच करायला लावलं. उलटतपासणी घेतल्यासारखं. दर वेळी झीरो. मग तो सरळ उभा राहिला. दुकानात रूपेश, त्याचे दोन कारागीर, आणि टायर बदलायला आलेली तीन-चार माणसं होती.

"दत्ताराम," मामा म्हणाला. आवाज मोठा होता. "आठ वर्षं चार लोकांत मी तुम्हाला नावं ठेवली. म्हणून आज चार लोकांत सांगतो. तुमचं काम बरोबर होतं. तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. चूक माझी. आणि ज्यांना ज्यांना मी सांगितलं, त्या प्रत्येकाला मी फोन करून हे सांगणार आहे."

मामा त्यांना जन्मभर 'तू' म्हणत आला होता. तो 'तुम्ही' माझ्यासारखाच काकांनाही ऐकू गेला असणार. त्यांनी हातातला कोन फडक्याने पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आधी रस्त्यावर तर बघू सायेब," ते म्हणाले. "मशीनवर गाडी चालत नाय."

बुधवार, अँटॉप हिल

अँटॉप हिलला सरकारी वसाहतीजवळ भेटायचं ठरलं, कारण तिथून फ्रीवे जवळ. मी लालबागहून गाडी आणली. मामा आणि काका टॅक्सीने आले, एकाच टॅक्सीने. सकाळचे सात. वसाहतीत दूधवाले, शाळेच्या सुट्टीमुळे उशिरा उठणारी घरं, उतारावर चालायला आलेले निवृत्त लोक.

मामाने गाडीचं दार उघडून धरलं. "दत्ताराम, तुम्ही बसा."

फ्रीवेवर चढल्यावर काकांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचा तळवा समोरच्या पत्र्यावर टेकवला. मी वेग वाढवत गेले. साठ. बासष्ट. माझे हात आपोआप घट्ट झाले, थरथर यायची वाट बघत. अडुसष्ट. आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येत होता. बहात्तर. काहीच नाही. फक्त इंजिनाचा सूर आणि वारा. अठ्ठ्याहत्तर. मी एक हात सोडला, मग दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवली. गाडी रुळावरून जावी तशी गेली.

"अजून एकदा," काका डोळे न उघडता म्हणाले.

दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी हात पत्र्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला रस्ता दिसला नसता.

मामा वसाहतीच्या फाटकाशी झाडाखाली उभा होता. "काय झालं?" त्याने विचारलं. काका उतरले. "मी सांगून काय उपयोग सायेब. तुम्हीच बसून बघा."

मी किल्ली काढली आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मामाकडे बघितलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोघं म्हातारे उतारावरून खाली गेले. मी टपरीवर चहा घेतला, मग वडापाव घेतला, मग दुसरा चहा. पाऊण तासाने लांबूनच त्यांचे आवाज ऐकू आले. कार्ब्युरेटरवरून कडाडून भांडत होते. काकांचं म्हणणं, गेली आठ वर्षं ज्याने कुणी तो लावला त्याला कार्ब्युरेटर कळत नाही. मामा म्हणत होता, तो मी स्वतः लावलाय.

कोल्हापूर

गुरुवारी पहाटे निघाले. खंबाटकीत उतरताना एक हात दारावर टेकवून मी गाडी चालवत होते, एवढं सांगितलं तरी पुरे. मामाने बोलल्याप्रमाणे सगळ्यांना फोन केले. मागच्या आठवड्यात सुलभाकाकूंनी कळवलं की गाळ्यासमोर दोन जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि जेवायला हाक मारली तरी हे येत नाहीत. रूपेश ते कोन भिंतीवर टांगून ठेवतो आणि तारांची चाकं आली की काकांना फोन लावतो.

इथे माझ्या गाड्या बापू बघतात, उद्यमनगरचे. दुसऱ्याच्या कामाला बापूंनी बरं म्हटलेलं मी वीस वर्षांत ऐकलेलं नाही. त्यांनी हिरवी गाडी जॅकवर घेतली, खाली शिरले, चाक वरून-खालून हलवलं. पुन्हा हलवलं. मग चाक फिरवून, मान तिरकी करून, कडेकडे बघत राहिले. बाहेर आले ते हात पुसतच.

"ह्यो हात कुणाचा म्हणायचा, म्याडम?"

"तार ओढली शैलाने, दादर," मी म्हटलं. "बाकी सगळं दत्ताराम मेस्त्री. लालबाग."

बापूंनी खिशातून पेन्सिल काढली आणि भिंतीवर, जिथे ते चांगल्या माणसांचे नंबर लिहून ठेवतात तिथे, मेस्त्रींचं नाव लिहिलं.